नऊ एकांचा वर्ग

१९७६ साली मी आठवीत होतो. एके दिवशी गणिताच्या तासाला सरांनी फळ्यावर नऊ एक लिहिले, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणायला घेतलं. नऊ ओळी झाल्या. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली, त्यामुळे नुसत्या एकांचा तिरका जिनाच फळ्यावर उभा राहिला. मग आम्हाला म्हणाले, “करा बेरीज.” उजवीकडून एक, दोन, तीन करत नऊपर्यंत चढलो आणि पुन्हा एकापर्यंत उतरलो. हातचा कुठेच आला नाही. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१.

आम्हाला ती संख्या वाचताच येईना. कोटीपुढे आमची गाडी अडली. सरांनी एकेक घर मोजत अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी भास्कराचार्यांच्या लीलावतीतली नावं वदवून घेतली. डावीकडचा पहिला एक ‘मध्य’च्या घरात होता. पुढे एकच नाव उरलं, परार्ध.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “दहा एक घेतले तर?” सरांना हाच प्रश्न हवा होता. दहा एकांच्या वर्गात मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटी वाचली तर ही वेगळीच संख्या निघते. नऊ एकांची मात्र कुठूनही वाचा, तीच. हातचा म्हणजे काय ते मला खरं कळलं ते त्या दिवशी.

अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणतात. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी हे नाव दिलं. डोंबिवली स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेमलो, आणि कल्पना त्यांना तिथे सुचली. हर्षद संख्याही त्यांच्याच. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. मी पाठकोऱ्या कागदावर ८१ ने भागत गेलो, शेवटी शून्य उरलं आणि खरोखरच हर्ष झाला. भागाकार आला १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग, १२३४५६७९ चा!

सर तेवढ्यावर सोडणारे नव्हते. संख्या ओळखायची तर तिचं घराणं काढा, म्हणायचे. नऊ एक म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. त्यावरून वर्गाचे ४५ विभाजक निघतात. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जराच जास्त, म्हणजे संख्येहून कमीच भरते, म्हणून ती न्यून संख्या. पण ३३३६६७ मूळ आहे कशावरून? तिचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, तेव्हा ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या १०६ आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी त्या वाटून घेतल्या. फराळाचं ताट बाजूला ठेवून ओसरीवर भागाकार चालायचे; आई हाका मारून थकायची.

सुट्टी संपल्यावर सरांनी चारही वह्या ओळीने तपासल्या. शेवटची ५७७ माझ्या वाट्याची होती. भागाकार ५७८, बाकी १६१. त्या १६१ खाली त्यांनी लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि वह्या घेऊन शिक्षकांच्या खोलीकडे निघाले, सगळ्यांना दाखवायला.