उवा, मुंगसं आणि इंग्रजीचे सर

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या समारंभाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून समितीतल्या मैत्रिणीचे मेसेज चालू होते आणि मी रोज "बघते गं" म्हणत होते, शेवटी तिने बाकीच्यांचे आलेले लेखच पाठवून दिले. वाचले सगळे. घंटा, बाकं, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं, ठाण्याच्या तलावपाळीवरची भेळ, पावसात गळणारा वर्ग, सगळं येऊन गेलंय. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलंच नाही कोणी. म्हणून मी इंग्रजीच्या अनेकवचनांवर लिहितेय, हसायचं असेल तर हसून घ्या.

आमची दहावी १९८९ ची. शाळा मराठी माध्यमाची आणि तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी हे सरकारने २००० साली आणलं, त्यामुळे हल्लीच्या पोरांना सांगितलं की आम्ही दहा वर्षांचे झाल्यावर ए बी सी डी गिरवायला बसलो तर त्यांना ती थापच वाटते. नौपाड्यातल्या आमच्या घरांत इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि रेडिओवरच्या बातम्या, बस. सातवीपर्यंत वन बॉय टू बॉईज करत कसंबसं निभावलं आणि मग आठवीत तो तक्ता आला. फूट-फीट, टूथ-टीथ, माऊस-माइस, ऑक्स-ऑक्सन, चाइल्ड-चिल्ड्रन. मागच्या तुकड्यांनी त्याला पाढ्यांची चाल लावून ठेवली होती, आम्हीही तीच उचलली.

पण आठवीला आम्हाला सर आले. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. संध्याकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात हमखास दिसणारे, बाहीला खडू लागलेले, ते. आमची ती चाल ऐकून ते म्हणाले, छान, आता हेच मराठीत म्हणा.

एक पाय, दोन? पाय. एक दात, बत्तीस? दात. एक उंदीर, गोदामभर? उंदीर. एक बैल, पोळ्याला? बैल. एक पुरुष, अख्ख्या लोकलभर? पुरुष. वर्ग जोरात उत्तरं देत होता आणि सर फळ्यावर लिहीत होते, मग त्यांनी वळून विचारलं, एक ऊ, डोकंभर? वर्ग चिडीचूप. आणि मग मुलींच्या बाजूने कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "उवा". त्यानंतर पाच मिनिटं तास झालाच नाही.

हसणं थांबल्यावर सरांनी दाखवलं की बघा, इंग्रजीत जे सगळ्यात वाकडे शब्द तुम्ही घोकताय ते मराठीत ढिम्म हलत नाहीत, एकवचन तेच अनेकवचन तेच, वाकडी निघाली ती एकटी ऊ, दोन्हीकडे, तिकडे लाऊसचं लाइस आणि इकडे ऊचं उवा. मग त्यांनी तिच्या नात्यातले शब्द काढायला सांगितले. सासू-सासवा, जाऊ-जावा, पिसू-पिसवा, जळू-जळवा. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, सर सगळ्या त्रास देणाऱ्याच आहेत. (तो आता दोन मुलींचा सासरा आहे, समारंभात भेटेलच.) आणि वस्तू? बाजू? त्या का नाही हो वस्तवा आणि बाजवा होत? भिंतीच्या भिंती होतात मग विटेच्या विटा का, खाटेच्या खाटा आणि गाठीच्या गाठी का? नियम सांगा, सर म्हणाले. कोणालाच येईना. जन्मापासून बोलतोय आणि एकदाही चुकत नाही, पण नियम कोणाला विचारला तर तोंड उघडं. मराठीचं व्याकरण मला मराठीच्या तासाला कधी दिसलं नाही, ते या इंग्रजीच्या तासाला दिसलं, आणि मला वाटतं आमच्या अख्ख्या तुकडीचं तेच झालं.

मग ते फीटवर आले. हा भाग मी पुढे माझ्या मुलालाही सांगितलाय. इंग्रजी इंग्रजी व्हायच्याही आधी, इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांत, त्या शब्दाचं अनेकवचन साधारण फोतिझ असं होतं. शेपटीला एक इ. आता तोंडाने म्हणून बघा, पुढे इ येणार हे जिभेला माहीत असतं त्यामुळे ती आधीच्या ओ लाच पुढे सरकायला लागते. पिढ्यान्पिढ्या असं होत होत ओ चा ए झाला, मग शेपटी झिजून गळून पडली आणि स्वर मात्र तसाच बदललेला राहिला. फोत आणि फेत. त्याचंच पुढे फूट आणि फीट. टूथ, गूस, माऊस, लाऊस, मॅन सगळ्यांची हीच कथा. बुकचंही असंच झालं होतं, जुन्या इंग्रजीत त्याचं अनेकवचन बेच होतं, ते टिकलं असतं तर आज आपण दप्तरात बीच भरून नेत असतो. पण ते गेलं. अशीच ऑक्सनच्या एन ची एक मोठी बिरादरी होती, डोळ्यांना आयन, बुटांना शून, आता तिच्यातला ऑक्सन तेवढा उरलाय. चिल्ड्रनला तर दोन शेपट्या आहेत, आधी चिल्डर हेच अनेकवचन होतं, ते लोकांना पुरेसं अनेक वाटेना म्हणून वर आणखी एन चिकटवला.

बाकी सगळ्यांना एस लागला. १०६६ नंतर नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचमध्येही एस होताच, त्याने जोर मिळाला. मी कोर्टात भाड्याचे दावे बघते त्यामुळे मला हे सगळं पागडीच्या चाळीसारखं दिसतं, नवीन येणारे सगळे एकाच छापील करारावर, आणि हे पाच-सात जुने भाडेकरू आपल्या जुन्याच भाड्यात ठाण मांडून, कोणी हलवू शकत नाही कारण रोज त्यांच्याशी गाठ आहे. पाय, दात, माणूस, बाई, मूल, घरातला उंदीर. रोज तोंडात असलेला शब्द सहसा बदलत नाही. क्वचित लागणारा शब्द असेल तर लोक जुनं रूप विसरतात आणि सरळ एस लावून मोकळे होतात.

चेंदणी कोळीवाड्यातली एक मैत्रीण होती वर्गात, तिची आई मासळी विकायची. फिशचं अनेकवचन फिश की फिशेस यावर वाद झाला तेव्हा सरांनी तिलाच उभं केलं, आज टोपलीत काय होतं? ती म्हणाली बोंबील. नुसते बोंबील? हो सर. मग फिश. आणि काल? काल बोंबील, मांदेली, निवट्या, थोडी कोळंबी. कोळंबी बाजूला ठेव, सर म्हणाले, तो मासा नाही, बाकीच्यांना फिशेस म्हटलंस तरी चालेल, कारण जाती वेगवेगळ्या. ती शांतपणे म्हणाली, सर आम्ही दोन्हीला म्हावरंच म्हणतो. सर खूश. शीप आणि डिअर असेच बिनबदलाचे आहेत हे त्याच दिवशी सांगितलं, जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी शब्दांचा एक गट होता त्याला अनेकवचनात काही लागायचंच नाही, आपल्या दगडासारखं.

आणि मुंगूस! शाळेच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवरून मुंगूस जायचं, तेव्हा मागे झाडी होती, आता तिथे टॉवर आहे. कोणीतरी विचारलं, सर गूसचं गीस तर मंगूसचं मंगीस का? इंग्रज पोरांनाही हा प्रश्न पडतो म्हणे. सरांनी सांगितलं की त्या शब्दाचा गूस पक्ष्याशी काही संबंध नाही, तो शब्दच इंग्रजांनी आपल्याकडून उचललाय, सतराव्या शतकात, मराठीतून. गूसचा स्वर बदलून झाला त्याला तेव्हा हजारएक वर्षं होऊन गेली होती, हा पाहुणा उशिरा आला, त्याला एस लावून मंगूसेस केलं. मूसचं तसंच, तो अमेरिकेतल्या मूळच्या लोकांच्या भाषेतून आला, म्हणून मीस नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे मुंगूसचं मुंगसं होतं, माणूसचं माणसं होतं तसंच, मधला ऊ गायब. आम्ही शाळा सुटल्यावर भिंतीकडे बोट दाखवून मंगीस मंगीस ओरडायचो ते ओरडायचोच, सरांनी काहीही सांगो.

सर्वनामं नववीत. मला विचाराल तर अनेकवचनं सोपी, खरा घोळ इथे आहे.

वर्गातली एकूणएक मुलं "माय फादर आर" आणि "अवर टीचर आर" लिहायची. कारण बाबा आले, बाई आल्या. एका माणसाला अनेकवचन लावणं हा आपल्याकडे आदर आहे, आणि तिकडे बाबांना इज म्हणायचं म्हणजे "बाबा आला" म्हटल्यासारखं वाटायचं. सर म्हणाले इंग्रजांनीही हेच केलं होतं, फक्त ते वाहवत गेले. त्यांच्याकडे दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही. मोठ्यांना, साहेबांना तुम्ही म्हणता म्हणता ते अनोळख्यालाही तुम्ही म्हणायला लागले, मग शेजाऱ्याला, मग बायकोला, मुलांना, आणि सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत रोजच्या बोलण्यातून तू जवळजवळ गेलाच. म्हणून एकट्या माणसालाही यू आर, कारण तो आर अनेकवचनातला आहे. म्हणजे इंग्रज माणूस कलेक्टरलाही तुम्ही म्हणतो आणि कुत्र्यालाही तुम्हीच. दाऊ राहिला प्रार्थनेत, देवासाठी. ते मला तेव्हाच पटलं, आपणही विठोबाला तूच म्हणतो, अहो विठोबा म्हणून बघा कसं वाटतं ते.

पुढे वकिली शिकताना यातलाच एक किस्सा सापडला तो सरांना सांगायचा राहिला. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, सरकारी बाजूने एडवर्ड कोक, कायद्याच्या पुस्तकांत ज्याचं नाव आम्ही घोकतो तोच, आणि त्याने भर कोर्टात रॅलेला दाऊ म्हटलं, वर सांगितलंही की होय मी तुला तूच म्हणतोय, गद्दारा. सर ही पदवी असलेल्या माणसाला अरेतुरे! आजच्या इंग्रजीत हा अपमान करताच येत नाही, यू शिवाय शब्दच नाही. आपल्याकडे ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात रोज होतो, फुकट.

आणि वी. सरांनी फळ्यावर लिहिलं, वी आर गोइंग टू येऊर. वाचा. वाचलं. आता सांगा, तुम्ही येताय का माझ्याबरोबर? अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा गप्प. कारण त्या वाक्यात ते नाहीच आहे. मराठीत सांगायचं तर "आम्ही येऊरला चाललोय" म्हणजे तुम्ही बसा घरी, आणि "आपण येऊरला चाललोय" म्हणजे उद्या डबा आणा. इंग्रजी वी दोन्ही. एवढी जगभर चालणारी भाषा आणि समोरच्याला सहलीला नेताय की नाही एवढंही एका शब्दात सांगता येत नाही! आमच्या वर्गाची छाती फुगली होती त्या दिवशी. (सहल काही झाली नाही.)

या वी ने मला व्यवसायात बराच त्रास दिलाय. सोसायटीचं इंग्रजी पत्र येतं, वी शॉल बेअर द एक्स्पेन्सेस, आणि मी विचारते कोण, कमिटी की सगळे सभासद? आम्ही की आपण? तिथेच भांडण असतं. इंग्रजी ही आणि शीचं मात्र कायद्याने आधीच उरकून टाकलंय, १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम १३, पुल्लिंगी शब्दात बायकाही आल्या आणि एकवचनात अनेकवचन आलं, उलटही. सोयीचं आहे, आवडतं असं नाही म्हणणार. हल्ली करारांत एकाच माणसाला दे लिहितात, जुन्या मंडळींना खटकतं, पण एकवचनी दे चौदाव्या शतकापासून आहे, आणि मुळात दे, देम, देअर हे शब्दच इंग्रजीचे नाहीत, व्हायकिंग लोकांबरोबर आले. माझी अडचण वेगळीच, त्या दे चं मराठी करताना ते लिहू, त्या लिहू की ती, आणि क्रियापद तर लिंग विचारल्याशिवाय पुढेच जात नाही. मग पक्षकाराला फोन.

शुद्धाशुद्धाबद्दल सर कडक नव्हते हे लिहायलाच हवं. "एक लेडीज चढली" असं कोणी म्हटलं की बाकीचे शिक्षक कपाळाला हात लावायचे, सर म्हणायचे असू दे, त्यांनी आपल्या एका पायजम्याचं अनेकवचन केलंय, पजामाज, आपण त्यांच्या अनेकवचनाचं एकवचन केलं. आणि अजेंडा हा शब्द लॅटिनमध्ये अनेकवचनी आहे, आज कोणी त्याला तसं वागवतं का? पीजचं म्हणजे वाटाण्याचं तर उलट झालं, पीज हाच एकवचनी शब्द होता, लोकांना वाटलं शेवटी एस आहे म्हणजे अनेकवचन असणार, तो काढून त्यांनी नवीन पी तयार केला.

सध्या आपल्या ग्रुपवर बिल्ल्यावर काय छापायचं यावरून जुंपलीय, वाचलंच असेल. एक जण म्हणतो "प्राउड अ‍ॅल्युमनी", दुसरा म्हणतो ते अनेकवचन आहे, एका छातीवर एकच माणूस, अ‍ॅलम्नस हवं, मग मुलींनी विचारलं आम्ही काय, तर आम्ही अ‍ॅलम्ना, आणि आम्ही सगळ्या मिळून आणखीनच वेगळं काहीतरी. चार रूपं, चार साचे, चौपट खर्च. माझं मत मराठीत "माजी विद्यार्थी" छापा आणि मुलींसाठी विद्यार्थिनी, दोनच साचे लागतात, आणि विद्यार्थीचं अनेकवचनही विद्यार्थीच. बिल्लेवाल्याला रविवारपर्यंत कळवायचंय, तेव्हा ज्यांचं मत राहिलंय त्यांनी टाका.