दोन काटे, एकच थाप

आजोबा गाडीतून उतरले तेच मुळी वैतागून. "सगळे मीटर काढ आणि नवे बसव. एकाही काट्यावर माझा विश्वास उरलेला नाही."

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. समोर लाल ट्रायम्फ टीआर6 उभी होती, 1971 सालची. इथल्याच कॅन्लीच्या कारखान्यातली. नव्वद हजारांवर गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. ही घराजवळच राहिली. आजोबा तरुणपणी त्याच कारखान्यात डॅशबोर्ड बसवायचे. अशा गिऱ्हाइकासमोर जरा जपूनच बोलावं लागतं.

आठवड्यापूर्वी पाव टाकी पेट्रोल दिसत असताना ही गाडी ए-46 रस्त्यावर बंद पडली होती. टाकी कोरडी. त्याआधी उन्हाळाभर टेंपरेचरचा काटा 'एच'कडे, म्हणजे गरमकडे, सरकत होता, म्हणून थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि शेवटी रेडिएटरही बदलून झाला. काटा ढिम्म. आता त्यांच्या हातात नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरांचं कॅटलॉग होतं, आणि पांढरी डायल बरी की काळी, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

पांढरी की काळी हे सगळ्यात शेवटी. आधी कुठल्या काट्याला बातमी कुठून येते ते बघावं लागतं. टीआर6 मध्ये ड्रायव्हरसमोरचे दोन मोठे मीटर केबलवर फिरतात. स्पीडची केबल गिअरबॉक्सकडून, आरपीएमची डिस्ट्रिब्युटरकडून. मधल्या चार लहान मीटरांत मात्र चार तऱ्हा नाहीत, तीनच आहेत. ऑइल प्रेशरला बारीक नळीतून खरोखरचं ऑइल येतं, आतली वाकडी नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. वीज लागतच नाही. अ‍ॅमीटरमधून सेल्फ सोडून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो, आणि तोच त्यावर दिसतो. आणि उरलेले दोन, पेट्रोल आणि टेंपरेचर, हे सख्खे भाऊ. दोघांच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी, तिच्याभोवती तापणारी तार. सेंडरमधून, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसवलेल्या मापकातून, जितका करंट, तितकी पट्टी तापते, वाकते, काट्याला ढकलते. म्हणूनच हे काटे चावी फिरवल्यावर आळसावल्यासारखे चढतात, आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाहीत.

दोन भाऊ एकाच वेळी एकच थाप मारत असतील, तर पढवणारा तिसरा असतो. इथे तो तिसरा म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. काडेपेटीहून लहान डबी. बॅटरीचे 12 व्होल्ट चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी 10 व्होल्ट या दोघांना पुरवते. मी डॅशखाली उताणा शिरलो आणि फिक्या हिरव्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. डिजिटल मीटर इथे नुसते आकडे नाचवतो. दिवा खरं सांगतो. तो लुकलुकायला हवा होता. पेटला तो पेटलेलाच राहिला.

"मागच्या हिवाळ्यात काय काम केलंत हो?" मी खालूनच विचारलं.

डॅशचं लाकूड नवं करून घेतलं होतं, आणि त्याच झटक्यात मागची लोखंडी पट्टीही छान जाड रंगवली होती. डबीला अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळायचं ते त्याच पट्टीतून, एका स्क्रूवाटे. रंग मध्ये आला, अर्थिंग तुटलं. डबीतली तार तापेना, संपर्क सुटेना, आणि चालू इंजिनाचे 14 व्होल्ट थेट दोन्ही काट्यांना मिळू लागले. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे ढोबळ हिशोबाने जवळपास दुप्पट. रिकामी टाकी पाव दिसणारच.

रुपयाएवढ्या जागेचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला. दिवा लुकलुकू लागला. येताना 'अर्धी' असलेली टाकी सावकाश खाली आली आणि 'ई'च्या, म्हणजे रिकामीच्या, जरा वर थांबली. मला सांगलीचे काका आठवले. त्यांच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती, मुळात हीसुद्धा ट्रायम्फच. ते काट्याकडे बघायचेच नाहीत, टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायचे. आम्ही हसायचो.

आमच्याच कॅनमधलं पेट्रोल घालून इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. टेंपरेचर मध्यावर येऊन थांबलं. आजोबा खूश. मी मात्र ऑइलच्या काट्याकडे बघत होतो. गरम इंजिन, 2000 आरपीएम. पुस्तकाप्रमाणे 70 पौंडांच्या आसपास हवं. काटा 40 वर. आयडलला 10.

"तो? तो तर वर्षभर तसाच आहे," आजोबा म्हणाले. "बाकीचे खोटं बोलतात, म्हटलं हाही बोलत असेल."

वर्कशॉपचं प्रेशर गेज थेट इंजिनाला जोडलं. 40. ज्या काट्याचा त्या डबीशी काडीचाही संबंध नव्हता, तो वर्षभर खरं सांगत होता. इंजिन माझं काम नाही. पुढे चालवू नका एवढं सांगितलं आणि गाडी ट्रेलरवर शेजारच्या इंजिनवाल्याकडे पाठवली.

अ‍ॅमीटरवरून मात्र आमचं वाजलंच. त्यांनी मोठा अल्टरनेटर बसवलेला, आणि अ‍ॅमीटर 30 अँपिअरपर्यंतचा. मागचे तपकिरी वायरींचे जोड तापून काळवंडले होते. मी म्हटलं, दोन्ही वायरी पक्क्या जोडून टाकू, त्या जागी व्होल्टमीटर लावू. त्याला बारीक वायर पुरते, आणि कंपनीनेही पुढच्या टीआर6 मध्ये तेच केलं. काळ्याच डायलचा मिळतो, शोभेलही. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "मी या हातांनी अ‍ॅमीटरच बसवलेत."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोटो आला. इंजिनातल्या बेअरिंगचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडलेले, वरचा राखाडी थर झिजून खालचं तांबं उघडं पडलेलं. खाली एकच ओळ होती: तो व्होल्टमीटर केवढ्याला पडेल?