लोदमधली तिसरी पाळी

मी डायलिसिसची नर्स. घरी मराठी, कामावर हिब्रू, आणि पेशंटला ओरडायला लागेल तेवढी अरबी. इस्रायलमधल्या लोद शहरात तीसेक टक्के वस्ती अरबांची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू, तेही इथे बरेच.

२०२१च्या मे महिन्यात ज्यू-अरब दंगलीत शहर पेटलं. १० तारखेच्या रात्री मूसा हसूना हा अरब तरुण गोळीने गेला, मग सिनेगॉग, गाड्या जळाल्या, आणीबाणी आली, रात्रीची संचारबंदीही. आमची तिसरी पाळी संपते रात्री उशिरा. वरून निरोप आला, 'पेशंटना पर्याय सुचवा.' डायलिसिसला पर्याय काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

मग आम्हीच बसलो. प्रत्येकाच्या डायलिसिसचे चार तासांचे तीन केले, पहिली पाळी पहाटेच लावली. आधी कोण, ते रक्तातलं पोटॅशियम पाहून ठरवलं; किडनी बंद असली की ते साठतं आणि हृदयावर येतं. रमजान संपत आलेला. नको सांगूनही काहींनी रोजे धरलेले आणि ते सोडायचे खजुरावर. खजूर म्हणजे पोटॅशियमचं कोठार. पेशंट आणणाऱ्या व्हॅनवाल्याने अरब मोहल्ल्यात जायला साफ नकार दिला. तेव्हा माझ्या अरब सहकारणीने भावाची टॅक्सी बोलावली, ज्यू टेक्निशियनने स्वतःची गाडी काढली. दोन्ही गाड्यांत पुढे एक अरब, एक ज्यू. रस्ता कुणीही अडवो, बोलायला त्यांच्यातलं माणूस हवं.

रेवदंड्याचे एक आजोबा आले नाहीत. त्यांच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर जोडून केलेल्या रक्तवाहिनीत, सुई घालायची ती याच अरब सहकारणीने. मला हात लावू देत नाहीत, म्हणे मी दुखवते. फोनवर म्हणाले, "बाय, तिचा हात वेगळा नि तिच्या भावाची गाडी वेगळी."

दुसऱ्या दिवशी मुलाने आणलं तेव्हा धाप लागलेली, कोरड्या वजनावर, म्हणजे जादा पाणी काढल्यावरच्या वजनावर, चार किलो पाणी. तिने सुई घातली आणि पाण्यावरून खडसावलं. गाडीचा विषय तिने काढला नाही, त्यांनीही नाही.

१७ मेला यिगाल येहोशुआ गेले. ज्यू होते, दंगलीत डोक्यात वीट लागलेली. घरच्यांनी अवयवदान केलं. एक किडनी जेरुसलेमच्या अरब बाईला मिळाली. वर्तमानपत्रांना गहिवर आला. आमच्याकडे आजोबांनी आणि शेजारच्या खुर्चीतल्या अरब पेशंटने एकदमच विचारलं, रक्तगट कोणता? किडनीच्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेला माणूस दुसरं काय विचारणार?

टॅक्सीत मात्र आजोबा नंतरही बसले नाहीत. व्हॅन सुरू होईपर्यंत मुलाला रजा घ्यायला लावली.