लिंगनबेरी आणि करवंदं

"आनि ते जंगल कुनाचं म्हनायचं?"

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत द्रोणात करवंदं भरता भरता मावशींनी विचारलं. स्वीडनहून आलेला भाचा मोबाईलवर लिंगनबेरी दाखवत होता. वीतभर झुडूप, बर्फाखालीही हिरवं, लालचुटुक आंबट फळं. त्यांच्यात बेन्झोइक आम्ल मुळातच असतं, म्हणून नुसत्या पाण्यातही महिनोन् महिने टिकतात. (मावशींची करवंदं संध्याकाळच्या आत खपायला हवीत!)

भाचा म्हणाला, मालक कुणीही असो, रानातली फळं कुणीही तोडावीत, तसा हक्कच आहे तिथं.

"आनि कोन हटकत न्हाई?"

गगनबावड्याकडून येतात मावशी. आपल्याकडेही २००६ च्या वनहक्क कायद्यात पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपज (म्हणजे लाकूड सोडून रानातली फळं, मध वगैरे) गोळा करायचा हक्क दिलाय. हे त्यांना कधी कुणी सांगितलं असेल का?