खपवून घेतलेलं नाही

माझ्या लेकीच्या, अमेरिकेतल्या व्हॅल्परायझो युनिव्हर्सिटीत परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. प्राध्यापक पेपर वाटतात, कोणाला काही विचारायचंय का बघतात आणि चक्क निघून जातात. मुलं आपापली लिहीत बसतात. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहून खाली सही करायची. त्याचा मतलब असा, की मी अनधिकृत मदत दिलेली नाही, घेतलेली नाही आणि दुसऱ्याने घेतलेली खपवूनही घेतलेली नाही.

हे ऐकून माझी झोप उडाली, असं म्हटलं तर माझं माहेर ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. बाबा वर्षानुवर्षं दहावी-बारावीला केंद्रसंचालक होते. मार्च महिना म्हणजे आमच्या घरी युद्धाचा काळ. प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षकाकडून आणलेली सीलबंद पाकिटं, बैठं पथक, भरारी पथक, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद करायला पोलीस, आणि तरीही मागच्या पत्र्यावर चढून खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे भाऊ, काका, मामा. बाबांना एका वर्षी गावातून निघताना पोलीस गाडीत बसवून आणावं लागलं होतं. का, तर त्यांनी कॉपी करू दिली नाही. आपल्याकडे या गोष्टीसाठी 1982 पासून कायदा आहे, दर वर्षी कॉपीमुक्त अभियान असतं. श्रीकर परदेशी नांदेडला कलेक्टर असताना त्यांनी कॉपी बंद करून दाखवली, तर त्या कामाला ‘नांदेड पॅटर्न’ असं नाव पडलं. म्हणजे परीक्षा सरळपणे झाली, हीच बातमी!

तेव्हा पर्यवेक्षक नाही, एवढ्यावर मी लगेच भाळले. माझा आक्षेप त्या वाक्याच्या तिसऱ्या तुकड्याला आहे. मी केली नाही, दिली नाही, इथपर्यंत ठीक. पण शेजारचा काय करतोय, त्याची जबाबदारी माझ्यावर का? खपवून घ्यायचं नाही म्हणजे शेवटी जाऊन सांगायचं. आणि सांगायचं कोणाला, तर ऑनर काउन्सिलला, जिथे मुलंच मुलांची प्रकरणं ऐकतात. आम्ही ज्या शाळेत शिकलो तिथे कॉपी करणाऱ्याला एक वेळ माफी होती, चुगली करणाऱ्याला नव्हती. सरांना नाव सांगणाऱ्या मुलीशी वर्ग महिनाभर बोलत नसे. ही एकजूट मला आजही चांगलीच वाटते. मात्र तिच्याच जोरावर पत्र्यावरचे मामा चढतात, हेही मला दिसतं.

लेक म्हणाली, "आई, ज्याने रात्रभर जागून अभ्यास केला तो तुझ्या गणितात कुठे आहे?" मी म्हटलं, तुला मैत्री कळत नाही. त्यावर ती काही बोलली नाही, फक्त तिने आजोबांच्या फोटोकडे बघितलं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना गप्प बसून बोलता येतं, हे मला नव्याने कळलं.

आता नातेवाइकांच्या मुख्य प्रश्नाकडे येते. "चर्चचं कॉलेज? अगं, अमेरिकेत राहून हेच मिळालं?" आत्याबाईंना काळजी बाटवाबाटवीची. तर सांगते. इंडियाना राज्यातल्या व्हॅल्परायझो या गावातली ही युनिव्हर्सिटी 1859 ची, सुरुवातीला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची. मधल्या काळात ती डबघाईला आली, 1923 मध्ये तर कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी संघटना ती विकत घ्यायला निघाली होती. तो व्यवहार फिसकटला आणि 1925 मध्ये लूथरन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी घेतली. कॅम्पसच्या मधोमध 1959 मध्ये बांधून झालेलं प्रचंड चॅपल आहे. सकाळी प्रार्थनेच्या वेळेला तास ठेवत नाहीत, पण जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. लेक कधी कधी ऑर्गन ऐकायला जाते. उलट आम्ही राहतो त्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या शेजारी असलेल्या व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजात चॅपलला हजेरी सक्तीची आहे आणि कसं वागायचं याच्या करारनाम्यावर विद्यार्थी सही करतात. ख्रिस्ती म्हटलं की सगळी एकाच माळेचे मणी, असं नाही.

आणि आत्याबाई, आपली अर्धी मुंबई विल्सन आणि झेवियर्समध्ये शिकली, कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी आपण पहाटे रांगा लावल्या. तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही, की इंग्रजीपुढे वाटूनही गिळली? तशी ही भीती आपल्याकडे जुनी आहे आणि पूर्ण खोटीही नव्हती. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला, त्यांचा लहान भाऊ श्रीपतही तिकडेच राहायला गेला. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, तर आपल्याच लोकांनी वाद घातला, की आता याला परत जातीत घ्यायचं कसं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. मिशनऱ्यांवर राग असणाऱ्यांनी गोष्टीचा हा उत्तरार्धही कधी तरी आठवावा. असो.

लेक आहे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, पण त्याच्या जोडीला क्राइस्ट कॉलेजात. हे युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज, 1967 पासूनचं. इंजिनिअर असो की नर्स होणारी मुलगी, हुशार म्हणून निवडलेली सगळी मुलं पहिल्या वर्षी एकत्र बसून पुस्तकं वाचतात, त्यावर वाद घालतात, आठवड्यामागून आठवडे निबंध लिहितात. व्याख्यानं कमी, गोल बसून बोलणं जास्त. गप्प बसणाऱ्याचं तिथे काही खरं नाही. बारावीपर्यंत ‘फिजिक्स पक्कं कर’ एवढंच ऐकलेल्या आमच्यासारख्या आईबापांना प्लेटो वाचून बेअरिंग कसं कळणार, हा प्रश्न पडतोच. नवऱ्याला अजून पडतो.

पण पहिल्याच सेमिस्टरला ही मुलं मिळून एक संगीत नाटक रचतात, त्याची मला खरी मजा वाटली. लेखन यांचं, चाली यांच्या, नट हेच, नेपथ्याला हातोडा मारणारेही हेच. मी पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी जवळून पाहिलेल्या आहेत, त्यामुळे परीक्षकाच्या तोऱ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसले. नाटक म्हणून फार ग्रेट नव्हतं, खरं सांगते. भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांनी मधेच आरोळ्या दिल्या असत्या. पण आपल्याकडे नाटक करणाऱ्या मुलाला सबमिशनच्या वेळी जर्नलवर सहीसाठी मागे लागावं लागतं, आणि इथे नाटक हाच अभ्यासक्रम. प्रकाशयोजनेच्या टेबलामागे बसलेली माझी मुलगी मी प्रथमच कोणाला तरी ठामपणे ‘नाही’ म्हणताना पाहिली.

नाव कोणी ऐकलेलं नाही, हे मान्य. पुण्याच्या कट्ट्यावर ‘व्हॅल्परायझो’ म्हटलं की लोक चिलीतलं बंदर समजतात. मैत्रिणींची मुलं पर्ड्यू आणि अर्बानाच्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटींत आहेत, त्या विचारतात तेव्हा माझं उत्तर गरजेपेक्षा लांब होतं. मी शिष्यवृत्तीचं सांगते, छोटे वर्ग सांगते. 2021 मध्ये युनिव्हर्सिटीने आपल्या खेळाडूंचं ‘क्रुसेडर्स’ हे जुनं नाव सोडून ‘बीकन्स’ घेतलं, तेही सांगते. क्रुसेडर म्हणजे धर्मयुद्धवाला, ते नाव नको असं ख्रिस्ती संस्थेलाच वाटलं, हे मला आवडलं होतं. यातलं किती त्यांना पटवायला आणि किती मला स्वतःला, ते सोडून द्या.

तिसऱ्या तुकड्याचं भांडण मात्र मिटलेलं नाही. मध्यंतरी मी लेकीला सरळच विचारलं, तुझ्या जिवलग मैत्रिणीला कॉपी करताना पाहिलंस तर? ती म्हणाली, "आधी तिलाच सांगेन, तू स्वतः जाऊन कबूल कर." आणि नाही गेली तर? "मग मी जाईन." मग ती तुझ्याशी बोलेल का, असं मी विचारलं. "बहुतेक नाही," लेक म्हणाली आणि मोबाइल उचलून त्याच मैत्रिणीला फोन लावत खोलीत गेली.