मेस्सी, रेफरी आणि पाच पेनल्ट्या

आज दिवसभर पुन्हा तोच वाद ऐकला: मेस्सी असला की रेफरी शिट्टी फुंकतोच! २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाला सात सामन्यांत पाच पेनल्ट्या मिळाल्या, संशय येणारच. पण सगळ्या एका मापाच्या नव्हत्या. पोलंडविरुद्धचीच घ्या. मेस्सीचा हेडर मारून झाला होता, त्यानंतर गोलकीपर श्चेन्स्नीचा हात त्याच्या तोंडाला लागला. रेफरीने आधी काहीच दिलं नव्हतं. व्हीएआरने (व्हिडिओ पाहून चुका दाखवणारा सहाय्यक रेफरी) बोलावलं, मॉनिटरवर पाहिलं, मग पेनल्टी. माझ्या मते नको होती. स्लो मोशनमध्ये नुसता स्पर्शही थोबाडीत मारल्यासारखा दिसतो, खरी गोची तिथे आहे. (पेनल्टी मिळणार नाही म्हणून श्चेन्स्नीने मेस्सीशी शंभर युरोंची पैज लावली होती. पैज हरला, पेनल्टी मात्र अडवली!)

स्टारचं वजन पडत असेल तर ते साध्या फाउलवर, पहिल्या पिवळ्या कार्डावर. तिथे तेव्हा व्हीएआर लक्षच घालत नव्हता. युरो २०२४ या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ठरवलं, निर्णयाबद्दल रेफरीशी फक्त कर्णधाराने बोलायचं. दुसरा कोणी अंगावर धावून गेला की पिवळं कार्ड. आता कित्येक संघांत स्टारच कर्णधार असतो, त्याचं काय करायचं ते युएफाच जाणे.