शिवून परत आलेला 'पाचोळा'

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'क' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचे दहा-बारा वाचक जमतात आणि नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलतात. कादंबरीकार रा. रं. बोराडे २०२५च्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतरच्या बैठकीसाठी मी त्यांची १९७१ची 'पाचोळा' आणि तुळजापूरच्या देविदास सौदागरांची 'उसवण' मुद्दाम सुचवली होती. दोन्ही शिंप्याच्या घरातल्या, दोन्ही आपल्याच भागातल्या. बाकी ज्याला जे हवे ते वाचण्याची मुभा होतीच.

सुरुवात बी.ए.च्या एका मुलीने केली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' तिने एका रात्रीत संपवली होती. १९३९ सालच्या या कादंबरीतली हॅर्टा तिला वर्गातल्या मैत्रिणीइतकी जवळची वाटली, नायक चक्रधरवर मात्र तिचा राग होता आणि तो तिने भीडभाड न ठेवता सांगितला. एका शेतकरी दादांनी सदानंद देशमुखांची शेतकरी कुटुंबावरची 'बारोमास' अर्ध्यावर सोडली होती. घरात रोज चालते तेच रात्री पुन्हा कशाला वाचायचे, एवढेच ते म्हणाले. यावर काय बोलावे, हे मलाही सुचले नाही.

मग निवृत्त गुरुजींनी 'उसवण'बद्दल तक्रार मांडली. भाषा अस्सल आहे, पण रेडिमेड कपड्यांमुळे काम तुटलेल्या शिंप्याची ही गोष्ट पुढे सरकत नाही, तीत काही घडतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दाराजवळच्या बाकावर आमचे टेलरमास्तर बसले होते. इतकी वर्षे ते फक्त वर्तमानपत्र वाचायला येत. ही दोन पुस्तके त्यांनी पहिल्यांदाच घरी नेली होती. ते उठले आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या धंद्यात घडतंय कुठं काई? गिऱ्हाईक येत नाई, एवढंच घडतंय."

पुस्तकात खुणेला घातलेली अस्तराची चिंधी त्यांनी आम्हांला दाखवली. त्या पानावर ते चार दिवस थांबले होते, कारण पुढचे वाचवत नव्हते. त्यांच्याकडेही आता नवे कापड क्वचितच येते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, साडीला फॉल लावणे, यावर दुकान चालते. 'पाचोळा'बद्दल ते जे बोलले ते तर मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. "हे सगळं त्याची बायको सांगती, हे बरं केलं लेखकानं. मशीनवर बसलेला माणूस बोलत नसतो, बाई. घरात काय चाललंय ते तिलाच ठावं."

'पाचोळा'च्या बोलीविषयी आणि शिंप्याच्या बायकोच्या, पारबतीच्या निवेदनाविषयी मी पुष्कळ वाचलेले आहे, पण कादंबरी तिच्याच तोंडून का यावी याचे इतके साधे आणि पटणारे कारण मला कोणत्याही समीक्षेत भेटले नव्हते. गुरुजींनी 'उसवण' पुन्हा वाचायला मागून घेतली.

मंगळवारी मास्तर 'पाचोळा' परत करायला आले. आमची प्रत जुनी, मधला फर्मा सुटून पाने बाहेर आलेली. ती पाने त्यांनी मेण ओढलेल्या दुहेरी दोऱ्याने, जुन्याच छिद्रांतून सुई घालून, इतकी नेटकी शिवली होती की बोट फिरवले तरी गाठ हाताला लागत नव्हती. मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. दाखल नोंदवहीत त्या पुस्तकापुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिथे मी लिहिले : वाचकाने शिवून दिले.